डुकरांचं खाद्य: किलोला स्वस्त पडतं तेच फायद्याचं असतं का? हिशोब कसा मांडायचा?

मालाडचा_जावई

नमस्कार मंडळी, या विभागात पहिल्यांदाच लिहितोय, एरवी मी वाचनमात्र. राहतो मालाडला, नोकरी अकाउंट्सची, शेतीशी संबंध फक्त सासरवाडीपुरता. सासरवाडी वसईची आणि मेव्हण्याने वसईच्या पुढे पूर्वेला डुकरांची शेड टाकलीय. यॉर्कशायर-लँडरेस क्रॉस (दोन विलायती जातींचा संकर), दहा-बारा किलोची पिल्लं विकत आणायची, वाढवायची आणि नव्वदच्या आसपास काढून टाकायची, बस. पैदाशीची भानगड ठेवलेली नाही. मी थोडे पैसे घातलेत म्हणून हिशोबाची वही माझ्याकडे आली आणि वही बघून माझी झोप उडालीय, शंभर रुपये खर्चातले साठच्या वर नुसते खाद्यात.

त्याचं मिक्स शंभर किलोला असं आहे: मका भरडा ३०, डीओआरबी (तेल काढलेला तांदळाचा कोंडा) ५०, शेंगदाणा पेंड १७, मिनरल मिक्स्चर २, मीठ १. पोच भाव पकडले तर मका २४, डीओआरबी १५, शेंगदाणा पेंड ३८, मिनरल ८०, मीठ ८. म्हणजे किलोला २२ रुपये ८४ पैसे. सोया पेंड ३६ ने मिळतेय, गव्हाचा कोंडा २२ ने. पण सासरे पूर्वी गाईंना शेंगदाणा पेंडच घालायचे म्हणून ह्याचंही तेच चाललंय, आणि मका-सोया वाढवू म्हटलं की म्हणतो किलोमागे चार-पाच रुपये वाढतात ते तू देणार का. शिवाय प्रोटीन आपल्याच मिक्समध्ये जास्त आहे म्हणतो, आणि ते खोटं नाहीये, मी गुणून बघितलं तर १७.८ टक्के आलं, यूट्यूबवाले वाढत्या जनावराला १६ ते १८ सांगतात.

वहीप्रमाणे एक किलो वजन वाढायला साधारण चार किलो खाद्य लागतंय आणि डुक्कर दिवसाला चारशे-सव्वाचारशे ग्रॅम वाढतंय. जिवंत वजनाला सध्या १३० मिळतात, नाताळच्या आधी थोडे जास्त.

प्रश्न असा की सगळ्यात जास्त पैसे सुटतील असं मिक्स काढायची काही पद्धत आहे का, एक्सेलमध्ये बसवता येईल अशी? एक्सेल मला येतं, डुक्कर येत नाही. आणि नव्वदलाच विकायचं हे कोणी ठरवलं? मेव्हणा म्हणतो सगळे तेव्हाच विकतात.

लोकलवाला

विरार फास्टमध्ये उभ्याउभ्या वाचला धागा. एका माणसाला मिळते त्यापेक्षा तुमच्या डुकरांना जागा जास्त असणार. बाकी माहिती शून्य, पण वाचनखूण साठवतोय, जाणकार येऊ द्या.

हिशोबनीस

जावईबापू, प्रश्न बरोबर विचारलात, फक्त सुरुवात किलोच्या भावापासून केलीत तिथेच गोची आहे. मी बरीच वर्षं फीड मिलमध्ये फॉर्म्युलेशन बघायचो, जास्त पोल्ट्री, थोडं डुक्कर, आता डोंबिवलीला घरूनच दोन-तीन फार्मचं बघतो, त्यामुळे जरा लांबण लावतो, सांभाळून घ्या.

डुक्कर किलो मोजून खात नाही. ऊर्जा पुरी होईपर्यंत खातं, पोट आधी भरलं तर तिथे थांबतं. तेव्हा पहिलं काम म्हणजे भाव किलोऐवजी हजार किलोकॅलरीला काढायचा. मक्यात किलोला चयापचयी ऊर्जा साधारण ३३५० किलोकॅलरी, सोया पेंडीत ३१५०, शेंगदाणा पेंडीत ३१०० च्या आसपास, गव्हाच्या कोंड्यात २३००, आणि तुमच्या डीओआरबीत जेमतेम २१००, कारण तेल आधीच काढून घेतलंय आणि तंतू १४ टक्क्यांच्या वर. हे धरून मेव्हण्याचं मिक्स किलोला २५८० ला बसतं.

आता हे बघा, वाढत्या डुकरासाठी साधं मिक्स: मका ६२, सोया पेंड २०.५, गव्हाचा कोंडा १५, मिनरल २, मीठ अर्धा. तुमच्याच भावाने किलोला २७ रुपये २० पैसे, ऊर्जा ३०७० च्या आसपास. मेव्हणा म्हणाला तसंच झालं, चार रुपये छत्तीस पैसे महाग. पण हजार किलोकॅलरीला भागून बघा. त्याचं ८ रुपये ८५ पैसे, हे ८ रुपये ८७ पैसे. म्हणजे फरक दोन पैशांचा! बाकीचे सव्वाचार रुपये वाचतात असं जे वाटतंय ते वाचत नाहीयेत, जनावर तेवढं जास्त खाऊन भरून काढतंय, आणि लहान असेल तर तेही जमत नाही कारण पोटात जागाच नाही.

हे झालं ऊर्जेचं, खरी मेख प्रोटीनमध्ये आहे. टक्के बघून फसायला होतं. डुकराला प्रोटीन असं काही लागत नाही, अमिनो आम्लं लागतात आणि धान्याच्या खाद्यात पहिली कमी पडते ती लायसिनची. सोया पेंडीत लायसिन २.८ टक्के, शेंगदाणा पेंडीत प्रोटीन तेवढंच ४५ पण लायसिन दीडच्या आसपास. मक्यात पाव टक्का. गुणा: मेव्हण्याच्या मिक्समध्ये प्रोटीन १७.८ पण लायसिन ०.६३. मका-सोयात प्रोटीन १७ आणि लायसिन ०.८२. प्रोटीन कमी असून लायसिन तीस टक्के जास्त. लायसिन संपलं की वरचं प्रोटीन मांसाला लागत नाही, यकृतात तुटतं आणि नायट्रोजन लघवीवाटे बाहेर. शेडमध्ये डोळे चुरचुरतात का, अमोनियाचा वास येतो का? आलाच पाहिजे, तुमचे ३८ रुपये किलोचे पैसे आहेत ते.

किती पाहिजे म्हणाल तर अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलच्या २०१२ च्या तक्त्यात २५ ते ५० किलोच्या डुकराला पचनीय लायसिन ०.९८ टक्के, ५० ते ७५ ला ०.८५, ७५ ते १०० ला ०.७३ असं दिलंय, तेही ३३०० किलोकॅलरीच्या खाद्याला. ते त्यांच्या झपाट्याने वाढणाऱ्या, कमी चरबीच्या जनावरांसाठी, आपल्याला अगदी तेवढं गाठायची गरज नाही. पण एक गोष्ट त्यातून सरळ दिसते, वजन वाढेल तसं लायसिन कमी लागतं. दहा किलोपासून नव्वदपर्यंत एकच मिक्स म्हणजे लहानपणी उपास आणि मोठेपणी उधळपट्टी. निदान दोन टप्पे करा. पन्नास किलोच्या पुढचं मिक्स: मका ६२, सोया ११.५, गव्हाचा कोंडा २४, मिनरल २, मीठ अर्धा. हे २५ रुपये ९४ पैशाला पडतं, लायसिन ०.६२, ऊर्जा २९९०. आणि अगदी लहान, वीस किलोच्या आतली असतील त्यांना वरच्यापेक्षाही भारी द्या, तिथे हात आखडू नका, खातात किती ते.

अजून एक स्वस्तातला उपाय. लायसिनची पावडर मिळते, लायसिन हायड्रोक्लोराइड, त्यात ७८ टक्के लायसिन. टनाला दीड किलो घातली तर लायसिन ०.८२ वरून ०.९४ वर जातं. भाव दीडशे धरला तर किलो खाद्यामागे २२ पैसे. तेवढंच लायसिन मका काढून सोया वाढवून आणायचं तर ५५ पैसे. मात्र टनाला तीन किलोच्या पुढे जाऊ नका, मग थ्रिओनिन, मेथिओनिन ही दुसरी अमिनो आम्लं कमी पडायला लागतात आणि त्याचं गणित पुन्हा वेगळं.

आता एक्सेल. ह्याला लिनियर प्रोग्रामिंग म्हणतात, म्हणजे घातलेल्या अटी पाळून सगळ्यात कमी खर्चाचं उत्तर शोधायचं, सगळ्या फीड मिल हेच वापरतात. १९४५ मध्ये स्टिग्लर नावाच्या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने माणसाच्या जेवणावर हाच प्रश्न घातला होता, कमीत कमी पैशात सगळी पोषकं कशी मिळतील. १९४७ मध्ये डान्ट्झिग ह्या गणितज्ञाची असली गणितं सोडवायची सिम्प्लेक्स पद्धत आली तेव्हा तेच गणित हाताने सोडवायला नऊ कारकून बसवले होते. तुम्हाला चहा होईपर्यंत उत्तर येईल. एक्सेलमध्ये सॉल्व्हर (हे गणित सोडवणारी सोय) चालू करा, नसेल तर लिबरऑफिसच्या कॅल्कमध्ये फुकट आहे. उभ्या रांगेत कच्चा माल, आडव्या खान्यांत भाव, ऊर्जा, प्रोटीन, लायसिन, तंतू, कॅल्शियम, फॉस्फरस. एक खाना टक्केवारीचा, तो सॉल्व्हरने बदलायचा. अटी: बेरीज १००, ऊर्जा ३००० च्या वर, लायसिन ०.९ च्या वर, तंतू ६ च्या खाली, कॅल्शियम साधारण ०.६ ते ०.८. आणि प्रत्येक मालाला वरची मर्यादा घाला, नाहीतर सॉल्व्हर बेशरम आहे, भाव पडलाय म्हणून चाळीस टक्के मळी घालून मोकळा होईल आणि तुमची डुकरं पातळ हगतील. पद्धत सिम्प्लेक्स निवडा.

उत्तर आल्यावर सेन्सिटिव्हिटी रिपोर्ट नक्की काढा, लोक तो बघतच नाहीत. त्यात दिसतं की जो माल मिक्समध्ये आला नाही तो किती रुपयांनी उतरला तर येईल. उदाहरणार्थ डीओआरबी कितीला मिळाला तर घ्यायचा हे तिथे लिहिलेलं असतं, मग व्यापाऱ्याशी बोलताना तोच आकडा हातात ठेवायचा.

पण एक ध्यानात ठेवा, हे देतं ते सगळ्यात स्वस्त मिक्स, सगळ्यात फायद्याचं नव्हे. दोन्ही एकच नाहीत. ऊर्जेची अट २६००, २८००, ३०००, ३२०० अशी बदलून चार वेळा चालवा, प्रत्येक मिक्सवर डुक्कर किती वाढतं ते धरा, आणि मग रोजची मिळकत काढा. तुमच्याच आकड्यांवर: सध्या एक किलो वाढीला चार किलो खाद्य म्हणजे ९१ रुपये, १३० मधून गेले, उरले ३९. दिवसाला ४२० ग्रॅम म्हणजे रोज एका डुकरामागे सोळा रुपये. मका-सोयावर ह्या क्रॉसला किलोमागे ३.१ किलो खाद्य आणि रोज सहाशे ग्रॅम ही अपेक्षा अवाजवी नाही. तेव्हा वाढीला ८४, उरले ४६, रोजचे साडेसत्तावीस. किलोमागे सात रुपयांचाच फरक पडला, पण रोजच्या मिळकतीत अकराचा, कारण जागा लवकर रिकामी होतेय. भाडं तुम्ही महिन्याचं भरताय, किलोचं नाही.

कर्जतकडचा

एवढा मका-सोया कशाला हो. आमची डुकरं हॉटेलच्या खरकट्यावर वाढतात, खाद्याचा खर्च म्हणजे टेम्पोचं डिझेल आणि एक पोरगा. मुंबईत रोज एवढं अन्न फेकलं जातं, ते उचलून आणायचं सोडून २७ रुपयांचं खाद्य घालणारा माणूस मला तरी कळत नाही. वाढायला दोन महिने जास्त घेतात, घेऊ देत की. आमच्या बाजूच्या शेडवाल्याने कंपनीचं खाद्य सुरू केलं आणि सहा महिन्यात शेड बंद.

लाळ्या_खुरकुत

वरच्या प्रतिसादावर लिहिणं भाग आहे, मी जनावरांचा डॉक्टर आहे, परळच्या मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालयातून बाहेर पडून बराच काळ झाला, आता प्रॅक्टिस ठाणे-पालघर बाजूला.

खरकट्याला विरोध नाही, अन्न वाया जाण्यापेक्षा बरं. पण ते फुकट नाही. एक, त्यात सत्तर ते ऐंशी टक्के पाणी. चार-पाच किलो ओढून आणाल तेव्हा एक किलो कोरडं खाद्य हातात येतं. डिझेल त्या एक किलोवर टाका आणि मग बोला. दोन, रोज वेगळं. आज भात, उद्या पाव आणि तेलाचा तवंग, परवा नुसत्या भाज्यांची देठं. लायसिनचा पत्ता नाही. तीन, मीठ. पापड, लोणचं, चायनीजवाल्याचा सॉस. डुक्कर मीठ सहन करतं पण पाणी भरपूर असेल तरच. उन्हाळ्यात टाकी संपली आणि खरकटं खारट असलं की डुकरं भिंतीला डोकं टेकवून उभी राहतात, गोल फिरतात, झटके येतात, आणि मालकाला वाटतं विषबाधा झाली. तशा वेळी एकदम पोटभर पाणी पाजू नका, थोडं थोडं द्या आणि डॉक्टरला बोलवा.

चौथी गोष्ट सगळ्यात मोठी. आफ्रिकन स्वाइन फीव्हर २०२० मध्ये आसाम-अरुणाचलात आला, तेव्हापासून देशात आहे. माणसाला होत नाही, पण डुकरांत लागला की शेड साफ. बाजारात त्याची सर्रास टोचता येईल अशी लस आपल्याकडे नाही. हॉग कॉलरा म्हणजे क्लासिकल स्वाइन फीव्हर वेगळा, त्याची लस आहे आणि ती द्याच. आफ्रिकनचा विषाणू खारवलेल्या, सुकवलेल्या, गोठवलेल्या डुकराच्या मांसात कित्येक महिने टिकतो, आणि हॉटेलच्या खरकट्यात सॉसेज, हॅमचे तुकडे असणारच. खरकटं द्यायचंच असेल तर उकळा, नुसतं कोमट नाही. जागतिक पशुआरोग्य संघटनेचा नियम ९० अंशाला निदान एक तास, सतत ढवळत. मोठ्या पातेल्यात वर बुडबुडे येतात आणि तळाचा गोळा गार असतो, म्हणून ढवळत. त्या सरपणाचा किंवा गॅसचा खर्च पण फुकटात धरा. आणि कच्चं खरकटं ज्या बादलीने आणलं तीच बादली शिजलेल्यात बुडवू नका, हे मी जाईन तिथे बघतो.

जावयांसाठी: शेंगदाणा पेंड पावसाळ्यात अजिबात साठवू नका. वसईची हवा तुम्हाला सांगायला नको, पोतं आतून गरम लागलं, ढेप फोडल्यावर हिरवट-पिवळी पूड दिसली की ते गेलं. बुरशीचं अफ्लाटॉक्सिन दिसत नाही, वासही नाही, डुक्कर आधी खायचं कमी करतं, वाढ मंदावते, केस राठ होतात, आणि मालक खाद्याला सोडून जंताला दोष देत बसतो. तुमची ४२० ग्रॅमची वाढ नुसती लायसिनमुळे आहे की पेंडीमुळे पण, हे पेंड लॅबला देऊन बघा. सरकी पेंड कोणी स्वस्तात देऊ केली तर डुकरांना नको, त्यात गॉसिपॉल असतं, गाईच्या पोटात त्याचं बरंचसं निभावतं, डुकराचं हृदय आणि यकृत धरतं. कच्चं सोयाबीन तसंच भरडून घालायचं नाही, भाजून किंवा शिजवून, नाहीतर प्रोटीन पचत नाही.

कर्जतकडचा

डॉक्टरसाहेब, उकळतो आम्ही. ढवळत नाही एवढं खरं. पण एक तास ९० ला म्हणजे सरपण किती लागेल ते पण सांगा, नाहीतर तुम्ही पुस्तकात राहा आणि आम्ही चुलीपाशी.

लाळ्या_खुरकुत

म्हणूनच म्हटलं तो खर्च धरा. बेकरीचा शिळा पाव, बिस्किटाचा चुरा असा कोरडा, मांस नसलेला माल मिळाला तर त्याच्याइतकं सोपं काही नाही. मक्याच्या जागी बराचसा जातो, ऊर्जा चांगली. फक्त मीठ आणि साखर धरून हिशोब करा, मिक्समधलं मीठ तेवढं कमी, आणि प्लास्टिकच्या पिशव्या हाताने निवडा. बिस्किटाचं रॅपर आतड्यात अडकलेलं काढलंय मी.

पेंडबाजार

वाशीला धान्याच्या दलालीत आहे, डुकरांतलं कळत नाही पण मालातलं कळतं म्हणून दोन शब्द.

एक तर मका आता कोंबडी आणि डुकराचा राहिला नाही, इथेनॉलवाल्यांचा झाला. हमीभाव २०२४-२५ ला क्विंटलला २२२५ होता, २०२५-२६ ला २४००, म्हणजे तळ वर सरकतोय. पण त्याच कारखान्यांतून डीडीजीएस निघतो, मका आंबवून अल्कोहोल काढल्यावर उरलेला चोथा सुकवून केलेला. मक्याचा डीडीजीएस प्रोटीनला २६ ते ३०, तांदळाचा ४५ च्या आसपास. हा बाजारात आल्यापासून सोया पेंडीला धाक बसलाय. हिशोबनीसांनी सांगितलेल्या त्या सॉल्व्हरमध्ये हा घाला, बघा काय होतं.

घेताना मात्र मूठभर पांढऱ्या कागदावर टाका. सोनेरी-पिवळा, भाजल्यासारखा गोडसर वास, हातात सुटसुटीत असला तर ठीक. कॉफीसारखा काळपट आणि करपलेला वास आला तर ड्रायरमध्ये जळलाय. घ्यायला आलेले पोल्ट्रीवाले तो तसाच परत ढकलतात आणि मग तो कमी दरात तुमच्यासारख्या नव्या माणसाच्या गळ्यात मारला जातो. डीओआरबीचं पण तसंच, त्यात तुसाची पूड मिसळणं हा जुना धंदा आहे. काचेच्या ग्लासात पाणी घ्या, चिमूट-दोन चिमूट टाका, ढवळून थांबा. तूस वर तरंगतं, माती-वाळू तळाला बसते, बोटाने चोळली की करकरते. मासळीचा चुरा घेणार असाल तर हीच परीक्षा, ससून डॉकपासून सातपाटीपर्यंत सुकं मिळतं पण वाळू आणि मीठ किती ते ग्लास सांगतो.

आणि पन्नास पोत्यांच्या खाली गाडीभाड्यातच मरता. बाजूच्या दोन शेडवाल्यांना धरा, मिळून उचला.

हिशोबनीस

पेंडबाजार म्हणतात ते खरंय, डीडीजीएस घालाच, पण प्रोटीन बघून नव्हे. त्यात लायसिन पाऊण टक्का आणि काळपट मालात तेही पचत नाही, उष्णतेने बांधलं जातं. प्रोटीन २७, आणि लायसिनमध्ये सोयाच्या पाव. शिवाय मक्यात बुरशीचं विष असेल तर स्टार्च निघून गेल्यामुळे चोथ्यात ते तिप्पट होतं. मी वाढीच्या मिक्समध्ये १०-१५ टक्क्यांची वरची मर्यादा टाकतो आणि बरोबर लायसिन पावडर वाढवतो. शेवटच्या महिन्यात कमी करतो, नाहीतर चरबी मऊ पडते आणि खाटीक कुरकुरतो. राईस पॉलिशचंही (तेल न काढलेला तांदळाचा कोंडा) तेच, शिवाय ते आठवड्यात खवट होतं. मासळी पण शेवटी बंद, मटणाला वास येतो.

मालाडचा_जावई

बापरे, एवढं मिळेल वाटलं नव्हतं, सगळ्यांचे आभार. काल रात्री सॉल्व्हर चालवला, पहिल्या फेरीत त्याने खरंच मळी कमाल मर्यादेला नेऊन ठेवली, हिशोबनीस काकांचा शब्द आठवला. मर्यादा दहावरून पाचवर आणल्यावर माणसात आला. मेव्हण्याला दोन पैशांचा फरक दाखवला तर तो म्हणे किलोकॅलरी दिसत नाही, पोतं दिसतं. त्याचंही बरोबरच आहे एका अर्थी. शेवटी असं ठरलंय की येत्या लॉटमधली अर्धी मका-सोयावर आणि अर्धी जुन्यावर, एकाच शेडमध्ये, मध्ये पार्टिशन.

दोन शंका. वजन कसं करायचं? काटा नाही आणि दर वेळी डुक्कर उचलून ठेवणार कोण. आणि नव्वदचं राहिलंच.

लाळ्या_खुरकुत

वजनाला शिंप्याची टेप घ्या. पुढच्या पायांच्या लगेच मागे छातीचा घेर, आणि दोन कानांच्या मधून शेपटीच्या बुडापर्यंत लांबी, दोन्ही मीटरमध्ये. घेर गुणिले घेर गुणिले लांबी गुणिले ६९.३. समजा घेर १.०५ आणि लांबी १, तर ७६ किलो. मान सरळ असताना मोजा, आणि सकाळी खाद्याआधी मोजलंत तर पुढच्या वेळीही आधीच. मागेपुढे दोन-चार किलो होतात, पण दोन गटांची तुलना करायला पुरतं. आणि पार्टिशनच्या दोन्ही बाजूंना दांडगी-मरतुकडी सारखी वाटून घाला, मेव्हण्याला निवडू देऊ नका.

हिशोबनीस

नव्वदचं असं आहे. डुक्कर मोठं झालं की खाद्य जास्त आणि मांस कमी, चरबी धरते. त्यामुळे सरासरी न बघता शेवटच्या दहा किलोचा हिशोब बघायचा. मी धरलेले आकडे देतो, तुमचे टेपने काढून बदला.

नव्वद ते शंभर: किलोला चार किलो खाद्य, २५.९४ ने १०४ रुपये, १३० मधून उरले २६. साडेपाचशे ग्रॅम वाढ धरली तर रोज चौदा रुपये. शंभर ते एकशेदहा: ४.२ किलो, १०९ रुपये, उरले २१, रोज साडेअकरा. एकशेदहा ते एकशेवीस: ४.८ किलो, १२४ रुपये ५० पैसे, उरले साडेपाच, आणि वाढ पाचशेवर आली, रोज पावणेतीन.

आता हे कशाशी ताडायचं? ते डुक्कर काढून नवं पिल्लू आणलं तर रोज सरासरी काय सुटेल त्याच्याशी. पिल्लू चार हजाराला धरतो. बारा किलोपासून नव्वदपर्यंत ७८ किलो वाढ, ८४ ने साडेसहा हजाराचं खाद्य. विक्री ११,७००. मजुरी-औषध न धरता उरले साधारण साडेअकराशे, १३० दिवसांत, म्हणजे रोज नऊच्या आत. नव्वदवरच्या डुकराचा रोज चौदा आहे आणि तुम्ही ते काढून नऊवालं आणताय! पिल्लू एवढं महाग असताना नव्वदला विकणं म्हणजे पिल्लू विकणाऱ्याचा फायदा. माझ्या आकड्यांत एकशेदहापर्यंत थांबायला हरकत नाही, त्यापुढे नाही.

पण पिल्लू दोन हजाराला मिळालं तर उलटं. मग सरासरी रोज चोवीसच्या वर जाते, आणि नव्वदला काय, त्याच्या आधीच काढलेलं बरं. म्हणून सगळे नव्वदला विकतात ह्याला अर्थ नाही, पिल्लाचा भाव आणि खाद्याचा भाव बदलला की हे वजन बदलतं. तुमचा खाटीक जाड चरबीला भाव कापत असेल तर तेही धरा, वरच्या दहा किलोला १३० ऐवजी १२० मिळाले तर एकशेदहाचं गणित लगेच शंभरवर येतं. आणि नाताळची गिऱ्हाईकं ठरलेली असतील तर तारीख आधी, वजन नंतर.

पेंडबाजार

नाताळसाठी डिसेंबरात माल पाहिजे तर पिल्लं जूनच्या शेवटापासून जुलैत भरा, आणि त्या पावसात मका घेताना ओलावा १४ च्या वर असेल तर हात लावू नका, कितीही स्वस्त देऊ दे. पार्टिशनचा निकाल लागला की इथेच टाका, मेव्हण्याच्या बाजूचा पण.